निमित्त आणि कारण : कर्नेल कोसळण्याच्या शोधाचा इतिहास

संगणकावर लेखन करणाऱ्या बहुतेकांनी एकदा तरी हा अनुभव घेतला असेल. प्रबंधाचे प्रकरण अर्धे टंकित झालेले असते, शेवटचा परिच्छेद साठवायचा राहिलेला असतो, आणि पडदा एकाएकी निळा होतो. त्या निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काही मजकूर आणि काही आकडे असतात. आपण ते वाचत नाही. बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करतो आणि गेलेल्या परिच्छेदाबद्दल हळहळतो. वस्तुतः तो मजकूर म्हणजे यंत्राचा मृत्युपूर्व जबाब असतो. असा जबाब कसा घ्यावा, कुठे जपून ठेवावा आणि त्यावर कितपत विश्वास टाकावा, ह्या प्रश्नांचा इतिहास आता पाऊणशे वर्षांचा झाला आहे. त्या इतिहासातील काही टप्पे येथे पाहावयाचे आहेत. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे; परंतु एखाद्या संहितेत अपपाठ नेमका कुठे शिरला हे ज्यांनी कधी शोधले असेल, त्यांना ह्यातील अडचणी ओळखीच्या वाटतील.

प्रथम थोडे परिभाषेविषयी. 'कर्नेल' ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कवचाच्या आतला गर किंवा दाणा. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हे फळ मानले तर कर्नेल हा तिचा गाभा. स्मृतीची वाटणी करणे, कोणत्या आज्ञावलीने केव्हा आणि किती वेळ चालावे हे ठरवणे, चकती, पडदा, कळफलक ह्यांच्याशी बोलणे ही कामे तो करतो. इतर प्रत्येक आज्ञावलीला त्याने एकेक कुंपण घालून दिलेले असते. आपली लेखनाची आज्ञावली चुकली तर ती आपल्या कुंपणातच पडते; बाकीचे व्यवहार चालू राहतात. कर्नेलला मात्र कुंपण नसते. तो स्मृतीत कुठेही वाचू शकतो, कुठेही लिहू शकतो. म्हणूनच त्याला स्वतःच्या चुकीचा सुगावा लागला की थांबण्यावाचून गत्यंतर नसते. तसाच चालत राहिला तर चकतीवरचे शाबूत दस्तऐवजही बिघडवील अशी भीती असते.

येथेच ह्या विषयाची मुख्य अडचण आहे. समजा, कर्नेलच्या एका भागाने दहा वाजता दुसऱ्याच्या जागेत चुकून चार अक्षरे लिहिली. त्या क्षणी काहीच घडत नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी दुसरा भाग आपल्या जागेतून वाचू लागतो, त्याला भलतेच काही सापडते आणि तो कोसळतो. जबाबात नाव येते ते दुसऱ्याचे. आपल्या भाषेत 'निमित्त' आणि 'कारण' असे दोन वेगळे शब्द आहेत. निमित्त झाले तापाचे, असे आपण म्हणतो, तेव्हा खरे कारण त्यामागे आहे हे गृहीत धरलेले असते. कोसळण्याचा जबाब निमित्त सांगतो. कारण त्यात लिहिलेले नसते. ते त्यातून काढावे लागते.

२

ह्या विषयावरील लेखनाची सुरुवात एका पतंगाच्या गोष्टीने करण्याचा प्रघात आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क २' ह्या यंत्राच्या एफ पॅनेलमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. यंत्रावर काम करणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली, खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना, अशा अर्थाचा शेरा मारला. ती नोंदवही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ग्रेस हॉपर ह्यांनी ही हकिकत पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितली, त्यामुळे पतंग त्यांनाच सापडला आणि 'बग' हा शब्दही त्या दिवशीच जन्मला, अशी समजूत रूढ झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. पतंग शोधणारे दुसरे होते, आणि यंत्रातील दोषाला 'किडा' म्हणण्याची रीत त्याहून बरीच जुनी होती. थॉमस एडिसनच्या १८७८ मधील पत्रात हा शब्द ह्याच अर्थाने आलेला आहे. शेऱ्यातला विनोदही त्या रूढ अर्थावरच उभा आहे. शब्द आधी नसता तर 'खराखुरा' म्हणण्यात काही गंमत उरली नसती.

आख्यायिकेची ही दुरुस्ती आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला त्या गोष्टीत वेगळे काही महत्त्वाचे वाटते. पतंग जिथे सापडला तिथेच दोष होता. कारण आणि निमित्त एकाच रिलेत, एकमेकांना चिकटलेले होते. चिमट्याने उचलून ते वहीवर लावता आले. ह्या शास्त्राचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे असे भाग्य पुन्हा क्वचितच लाभल्याचा इतिहास आहे.

३

पन्नाशीच्या दशकापासून सत्तरीपर्यंत संगणकाची स्मृती लोहभस्मयुक्त पदार्थाच्या बारीक कड्यांची बनलेली असे. तारांच्या जाळीत ओवलेल्या प्रत्येक कडीत चुंबकत्वाच्या दिशेने एक खूण साठवली जाई. ह्या कड्यांना 'कोअर' म्हणत. वीज गेली तरी त्यांतला मजकूर पुसला जात नसे. यंत्र कोसळले की ही सगळी स्मृती जशीच्या तशी कागदावर छापून काढीत. तो 'कोअर डम्प'. अष्टमान पद्धतीतल्या आकड्यांच्या त्या भेंडोळ्या टेबलावर पसरून अभियंते पेन्सिलीने खुणा करीत वाचीत असत. कड्या केव्हाच इतिहासजमा झाल्या. शब्द मात्र आजही वापरात आहे.

१९६५ च्या सुमारास एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज ह्यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची महत्त्वाकांक्षी कार्यप्रणाली हाती घेतली. १९६९ मध्ये बेल लॅब्स त्यातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी त्याच वर्षी लहान आकाराच्या 'युनिक्स'ची सुरुवात केली. मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक ह्यांनी एक आठवण नोंदवली आहे. आपण लिहितो त्यातला निम्मा मजकूर चूक झाल्यास सावरण्यासाठीच असतो, असे त्यांनी एकदा रिचींना सांगितले. त्यावर रिची म्हणाले की, आम्ही ते सगळे गाळूनच टाकले आहे. चूक आढळली की 'पॅनिक' नावाचा भाग बोलावला जातो, यंत्र थांबते, आणि मग व्हरांड्यात हाक मारून कोणाला तरी ते पुन्हा सुरू करायला सांगायचे.

'पॅनिक' म्हणजे घबराट. परंतु १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतला हा भाग पाहिला तर तो घाबरलेला मुळीच दिसत नाही. थांबण्याचे कारण सांगणारा संदेश तो जपून ठेवतो, चकतीवर लिहायचे राहिले असेल ते लिहितो, संदेश छापतो आणि मग काहीही न करता थांबून राहतो. अवघ्या काही ओळींचा हा मजकूर आहे. ह्या दोन प्रणालींत केवळ आकाराचा फरक नव्हता, वृत्तीचाही होता. चूक सावरून घेत पुढे जाणाऱ्या यंत्रावर वापरणाऱ्याचे काम वाचते, हा मल्टिक्सचा पक्ष आणि तो खोटा नव्हे. परंतु सावरून घेतलेली चूक डोळ्यांआड होते, आणि पुढे ती प्रकट होते तेव्हा मूळ जागेपासून फार दूर आलेली असते. तत्काळ थांबणारे यंत्र गैरसोयीचे असले, तरी निमित्त आणि कारण ह्यांमधले अंतर ते वाढू देत नाही. पुढच्या बहुतेक कार्यप्रणालींच्या कर्नेलमध्ये 'पॅनिक' ह्या नावाने किंवा दुसऱ्या एखाद्या नावाने हीच कल्पना आली.

ह्याच सहाव्या आवृत्तीशी निगडित एक ग्रंथव्यवहार साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स ह्यांनी १९७७ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांसाठी ह्या कर्नेलची संपूर्ण संहिता, सुमारे ९,००० ओळी, ओळक्रमांकांसह छापली आणि तिच्यावर स्वतंत्र पुस्तिकेत भाष्य लिहिले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर मालक कंपनीने परवान्याच्या अटी बदलल्या आणि वर्गात संहिता शिकवण्यावर बंदी आली. त्यानंतर जवळजवळ दोन दशके ह्या भाष्याच्या छायाप्रती, आणि त्या छायाप्रतींच्या छायाप्रती, हातोहाती फिरत राहिल्या. रीतसर प्रकाशन झाले ते १९९६ मध्ये. कर्नेल का कोसळतो हे शोधण्याचे त्या पिढीचे प्रमुख साधन म्हणजे वाचन. संहिता एका माणसाला समग्र वाचता येईल एवढी होती, म्हणून ते शक्य होते.

त्या संहितेत एका ठिकाणी, एका आज्ञावलीवरून दुसरीवर जाण्याच्या अवघड वळणावर, वाचकाला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा आशयाची टीप होती. वाचणाऱ्यांना तो उद्धटपणा वाटला. रिचींनी पुढे खुलासा केला की, 'हे परीक्षेला येणार नाही' अशा भावनेने ती लिहिली होती. आणि खरी अडचण ही होती की तिथे काय घडते ते आम्हांलाही पुरते कळले नव्हते. ती रचना सदोष होती आणि सातव्या आवृत्तीत बदलली गेली. लेखकालाच आपली संहिता पूर्ण कळलेली असेल असे धरून चालू नये, हा टीकाशास्त्रातला ओळखीचा धडा येथेही लागू पडतो.

४

वाचनाने सापडणारे दोष आणि वाचनाने न सापडणारे दोष असा भेद पुढे स्पष्ट झाला. टँडेम कंपनीतील जिम ग्रे ह्यांनी १९८५ मध्ये, संगणक का थांबतात, ह्या प्रश्नावर एक अहवाल लिहिला. भौतिकशास्त्रज्ञांच्या नावांवरून त्यात दोषांचे दोन वर्ग केलेले आहेत. 'बोरबग' म्हणजे तीच कृती केली की हमखास प्रकट होणारा दोष. 'हायझेनबग' म्हणजे पाहू गेले की नाहीसा होणारा. तपासणीसाठी दोन ओळी घातल्या की वेळेचे गणित किंचित बदलते आणि दोष गायब होतो. त्या काढल्या की परत येतो. कसून तपासलेल्या आज्ञावलीत उरतात ते मुख्यतः दुसऱ्या वर्गातले, असे ग्रे ह्यांचे प्रतिपादन होते. अशा दोषाच्या शोधाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवरचे नाही.

'मार्स पाथफाइंडर' हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याने हवामानाची निरीक्षणे गोळा करण्यास सुरुवात केली आणि त्याचा संगणक अधूनमधून स्वतःहून पुन्हा सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. दुरुस्ती करणारे पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, आणि बिघडलेले यंत्र कोट्यवधी किलोमीटर दूर. कर्नेल होता विंड रिव्हर कंपनीच्या 'व्हीएक्सवर्क्स' ह्या प्रणालीचा.

घडत होते ते एका कचेरीच्या दृष्टान्ताने सांगता येईल. दप्तरखान्याची एकुलती किल्ली एका कनिष्ठ कारकुनाजवळ आहे. साहेबांना दप्तर हवे आहे, म्हणून ते किल्लीसाठी थांबले आहेत. कारकुनाचे आतले काम दोन मिनिटांचे आहे. पण मधल्या दर्जाचे कर्मचारी, आपला दर्जा वरचा म्हणून, त्याला बाजूला सारून आपली कामे उरकीत राहतात. कारकुनाला काम संपवता येत नाही, किल्ली सुटत नाही, आणि ज्यांचा दर्जा मधल्यांहून वरचा ते साहेब ताटकळतात. पाथफाइंडरवर कारकून म्हणजे हवामान नोंदवणारे दुय्यम काम, आणि साहेब म्हणजे यानाच्या अंतर्गत माहितीवहनाचे वाटप करणारे महत्त्वाचे काम. सेकंदाच्या आठव्या भागाच्या प्रत्येक चक्रात एक पहारेकरी काम ते वाटप पुरे झाले की नाही हे तपासत असे. पुरे झाले नसेल तर काहीतरी गंभीर बिघाड आहे असे समजून ते सारे यंत्र नव्याने सुरू करी.

ह्यात अपराधी कोण? पहारेकऱ्याने नेमून दिलेले कर्तव्य केले. कारकुनाने किल्ली रीतसर घेतली होती. मधल्यांनी आपल्या दर्जाप्रमाणेच वर्तन केले. कर्नेलने प्रत्येकाला नियमानुसार पाळी दिली. एकेकाची संहिता स्वतंत्रपणे वाचली तर कुणाच्याच ओळीत चूक नाही. दोष त्यांच्या परस्परसंबंधात, तोही क्वचित जुळून येणाऱ्या क्रमात होता.

तो सापडला ह्याचे श्रेय एका निर्णयाला आहे. उड्डाणापूर्वी तपासणीसाठी घातलेल्या सोयी अभियंत्यांनी काढून टाकल्या नव्हत्या. जे तपासले तेच उडवायचे, असे त्यांचे धोरण होते. पृथ्वीवर ठेवलेल्या प्रतिरूप यंत्रावर त्यांनी कामांच्या क्रमाची बारीक नोंद करणारी सोय चालू केली आणि यंत्र अनेक तास चालवले. दोष एकदा प्रकट झाला, आणि ह्या वेळी घटनाक्रमाची नोंद हाती होती. उपायही नवा नव्हता. साहेब ज्या किल्लीसाठी थांबले आहेत ती हाती असेपर्यंत कारकुनाला साहेबांचा दर्जा द्यावा, ही 'प्राधान्य-वारसा' नावाची युक्ती लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की ह्यांनी १९९० मध्ये एका शोधनिबंधात मांडली होती. व्हीएक्सवर्क्समध्ये ती उपलब्धही होती. ह्या किल्लीपुरती बंद होती. छोटासा बदल मंगळाकडे पाठवून ती चालू करण्यात आली आणि यान सुरळीत चालू लागले.

ह्या कथेचे दोन पाठ आहेत, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर १९९७ मध्ये एका परिषदेत विंड रिव्हरच्या डेव्हिड विल्नर ह्यांनी ती सांगितली. मायक्रोसॉफ्टच्या माइक जोन्स ह्यांनी तिचा वृत्तान्त ई-पत्रातून पसरवला आणि तो जगभर गेला. यानाच्या आज्ञावलीचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज ह्यांनी त्यावर तपशीलवार दुरुस्ती लिहिली. उड्डाणापूर्वीही हा दोष दिसला होता, परंतु शोधू गेल्यावर तो पुन्हा प्रकट झाला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे. उतरण्याच्या टप्प्यावर सगळे लक्ष केंद्रित झालेले होते. शिवाय मंगळावरून माहिती अपेक्षेहून अधिक वेगाने मिळू लागल्यामुळे यानावरचा भार तपासणीत गृहीत धरलेल्या मर्यादेपलीकडे गेला. म्हणजे मोहिमेचे यश हेच ह्या दोषाचे निमित्त ठरले.

५

ह्यानंतरच्या काळात बदलली ती पुराव्याची संख्या. एका डम्पाऐवजी हजारो डम्प, एका आवृत्तीऐवजी हजारो आवृत्त्या हाताशी आल्या.

१९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स ह्यांनी सुरू केलेल्या 'लिनक्स' कर्नेलची संहिता आज तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेली आहे. लायन्सप्रमाणे ती समग्र वाचणे कोणाही एका माणसाच्या आवाक्यात नाही. मात्र २००५ मध्ये टॉरवल्ड्स ह्यांनीच 'गिट' ही नोंदप्रणाली तयार केली, तेव्हापासून कर्नेलमधील प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि काय सांगून केला ह्याची अखंड नोंद आहे. त्याच वर्षी तिच्यात 'बायसेक्ट' ही सोय आली. समजा, जुनी आवृत्ती चालते, नवी कोसळते, आणि दोहोंमध्ये १०,००० बदल आहेत. बरोबर मधली आवृत्ती घ्यावी. ती कोसळली तर दोष आधीच्या अर्ध्यात, चालली तर नंतरच्या अर्ध्यात. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करावेत. १०,००० बदलांतून दोषी बदल काढायला अशा १४ चाचण्या पुरतात. आणि त्यासाठी कर्नेल समजण्याची गरज नसते, चिकाटी असली की झाले. पाठचिकित्सक समान अपपाठांवरून हस्तलिखितांची वंशावळ मांडतो आणि अपपाठ कोणत्या फांदीवर शिरला ते ठरवतो. येथे वंशावळ आयती मिळते आणि फांदी मोजून काढता येते.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही त्याच आहेत. दोष हुकमी प्रकट होत नसेल तर एखादी आवृत्ती निर्दोष आहे हे खात्रीने म्हणता येत नाही, आणि एका चुकीच्या उत्तराने पुढची सगळी वाट चुकते. शिवाय हाती लागतो तो आजार प्रथम दिसला तो बदल. जुना दोष वर्षानुवर्षे झाकलेला असतो. निरुपद्रवी बदलाने केवळ त्यावरचे झाकण उडते. निमित्त येथेही कारणाच्या वेशात समोर येते.

जबाब घेण्याच्या पद्धतीतही ह्याच काळात सुधारणा झाली. कोसळणाऱ्या कर्नेलनेच आपली स्मृती चकतीवर लिहून ठेवावी, अशी जुनी व्यवस्था होती. पण ज्याच्या शुद्धीचा भरवसा नाही त्याने लिहिलेल्या कागदाचा भरवसा कसा धरावा? २००५ च्या सुमारास लिनक्समध्ये 'केडम्प' आले. ह्या कामात आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. ह्यात एक दुसरा, लहानसा कर्नेल स्मृतीच्या राखून ठेवलेल्या कोपऱ्यात आधीच आणून ठेवलेला असतो. पहिला कोसळला की तो जागा होतो, आणि पहिल्याची स्मृती विस्कटू न देता तिचा पंचनामा करतो.

पुराव्याचा ढीग वाढला तेव्हा एक गोष्ट उघड झाली. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सच्या संहितेचा यंत्राद्वारे अभ्यास केला. कर्नेलच्या इतर भागांच्या मानाने ड्रायव्हरांमध्ये, म्हणजे मुद्रणयंत्र किंवा ध्वनिपट्टी ह्यांसारख्या उपकरणांशी बोलणाऱ्या भागांमध्ये, चुकांचे प्रमाण तीन ते सात पटींपर्यंत जास्त आढळले. विंडोज एक्सपीच्या कोसळण्यांपैकी ८५ टक्क्यांचे मूळ ड्रायव्हरांत असल्याचे २००३ मधील एका शोधनिबंधात नमूद आहे. ड्रायव्हर बहुधा उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या लिहितात, पण चालतात कर्नेलच्या कुंपणाविना. लोकांचा राग मात्र निळ्या पडद्यावर, म्हणजे कार्यप्रणालीवर निघे. मायक्रोसॉफ्टमधील टॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी ह्यांच्या 'स्लॅम' प्रकल्पातून ड्रायव्हर प्रत्यक्ष चालवण्यापूर्वीच त्याची संहिता तर्काने तपासणारे साधन तयार झाले. राजमणी पुढे त्याच कंपनीच्या बंगळुरूच्या संशोधनकेंद्रात आले. कोसळल्यावर कारण शोधण्याऐवजी कोसळण्याआधीच ते शोधावे, ही ह्या प्रयत्नांची दिशा.

६

एवढी साधने हाताशी असताना १९ जुलै २०२४ चा प्रसंग घडला. त्या दिवशी सकाळी, भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोजवरील ग्राहकांकडे माहितीची एक छोटी फाईल पाठवली. ७८ मिनिटांनी ती मागे घेतली गेली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले होते. कंपनीची आज्ञावली कर्नेलमध्ये आणि यंत्र सुरू होतानाच चालत असल्याने ते पुन्हा सुरू केले की पुन्हा कोसळत. रुग्णालये, बँका, विमानसेवा ठप्प झाल्या. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

आरंभी दोष विंडोजकडे गेला, कारण निळा पडदा तिचा. आदल्याच रात्री मायक्रोसॉफ्टच्या मेघसेवेत वेगळा बिघाड झाला होता, त्यामुळे दोन्ही घटना एकच असाव्यात असेही वाटले. डम्प वाचल्यावर नाव आले ते क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरचे. परंतु ड्रायव्हर त्या दिवशी बदललेला नव्हता. तो आधीपासून व्यवस्थित चालत होता. बदलली होती ती फाईल. पण फाईलही एकटी अपराधी नव्हती. ऑगस्टमध्ये कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालात उलगडा झाला तो असा : नमुन्याच्या व्याख्येत २१ रकाने होते, ड्रायव्हर मात्र २० च पुरवीत होता. आधीच्या फाईलींत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असल्याने तो कधी वाचलाच गेला नव्हता. १९ जुलैच्या फाईलने तो प्रथमच वाचायला लावला, आणि ड्रायव्हर अस्तित्वात नसलेल्या जागी वाचायला गेला.

मग कारण कोणते? फाईल, २० आणि २१ ची विसंगती, वाचण्याआधी सीमा न तपासणे, फाईल तपासणाऱ्या आज्ञावलीची चूक, की एकाच वेळी सर्वांना फाईल पाठवण्याची रीत? अहवालात ह्यांपैकी एकाचे नाव नाही. सगळ्यांची आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. उलटपक्षी, कोणत्याही एका पायरीवर थांबून 'सापडले' म्हणता आले असते, आणि तिथवरचे बोलणे खोटे ठरले नसते.

ह्या इतिहासातून मला एवढेच सांगावेसे वाटते. कारण शोधणारा कुठे थांबतो हे केवळ त्याच्या साधनांवर ठरत नाही. त्याला काय हवे आहे ह्यावर ठरते. दोषी हवा असेल तर पहिल्याच नावाशी शोध संपतो, आणि जबाबात एक नाव नेहमीच असते. तेच पुन्हा घडू नये असे वाटत असेल, तर पाथफाइंडरच्या अभियंत्यांप्रमाणे कुणाच्याही ओळीत चूक नसताना बिघाड कसा झाला इथपर्यंत जावे लागते, आणि रीव्ह्ज ह्यांच्याप्रमाणे, आम्हांला तो आधी दिसला होता, हेही लिहून ठेवावे लागते. पुढच्या वेळी पडदा निळा झाला तर बटण दाबण्यापूर्वी त्यावरचा मजकूर एकदा वाचून पाहावा. गेलेला परिच्छेद त्याने परत येणार नाही. पण तिथे लिहिलेले नाव पडलेल्याचे आहे, पाडणाऱ्याचे असेलच असे नाही, एवढे लक्षात असले तरी पुष्कळ झाले.